कधी इलंस, कधी जातलंस?

सिंधुदुर्गात असूनही समुद्र नसलेलं गाव, वाटेवरचं स्टेशन आणि बापांच्या तीन पिढ्या. मे महिन्याच्या सुट्टीत वैभववाडीत केलेला एक हिशेब...

सिंधुदुर्ग म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? तारकर्लीची वाळू, मालवणचा किल्ला, सुरमईचं ताट आणि समुद्राकडे पाठ करून काढलेला फोटो. बरोबर ना? आता वैभववाडीला चला. बीच नाही, शॅक नाही, डॉल्फिन दाखवणारी होडी नाही. स्टेशनबाहेर आलात की समोर उभी असते ती सह्याद्रीची भिंत. सरळसोट. पावसाळ्यात तर अर्धी ढगात गेलेली.

बहुतेकांसाठी वैभववाडी म्हणजे वाटेवरचं नाव. कोल्हापूरकडून करूळ घाट उतरलात की लागते ती, किंवा गोव्याला जाताना ट्रेनच्या खिडकीतून पिवळ्या पाटीवर वाचायची ती. इथे मुक्कामाला थांबतात ते बहुतेक इथलेच. म्हणजे आम्ही. मुंबईत नोकरी करणारे, गणपतीला आणि मे महिन्यात बॅगा घेऊन उगवणारे, गावाच्या भाषेत ‘चाकरमानी’.

चाकरमानी गावात शिरला की त्याला दोन प्रश्न विचारले जातात. पहिला, ‘कधी इलंस?’ आणि लगेच त्याला जोडून दुसरा, ‘कधी जातलंस?’ कधी आलास, कधी जाणार. पाहुण्याला आल्या आल्या कधी जाणार विचारायचं म्हणजे काय मॅनर्स आहेत, असं शहरातल्या मित्रांना वाटतं. पण यात उद्धटपणा मुळीच नाही. आलेला माणूस जाणार, हे इथे सगळ्यांनी आधीच धरलेलं असतं. मधले दिवस किती आहेत, एवढंच विचारायचं असतं.

यंदा मे महिन्यात तीन वर्षांच्या लेकीला घेऊन गावी गेलो, तेव्हा हे दोन प्रश्न मला वेगळेच ऐकू यायला लागले. त्याला कारण होतं. माझ्या लॅपटॉपमध्ये एक ऑफर लेटर पडून होतं. दुबई, दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, आत्ताच्या तिप्पट पैसे, फॅमिली व्हिसाचं पहिलं वर्ष संपल्यावर बघू. उत्तर सोमवारपर्यंत द्यायचं होतं.

अठरा महिन्यांचा बाप

माझे आजोबा लालबागच्या गिरणीत होते. गावकऱ्यांची एक खोली होती, तिच्यात वीस-पंचवीस जण राहायचे. रात्रपाळीवाला उठला की त्याच्या पथारीवर दिवसपाळीवाला आडवा व्हायचा. जेवण खानावळीत. बायका-पोरं गावी. आजोबा काही जगावेगळे नव्हते. त्या काळी या पट्ट्यातल्या घरांमध्ये बाप म्हणजे सणाला येणारा माणूस. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावली ती २६ जानेवारी १९९८ला. त्याआधी रात्रभर एसटीत हाडं खिळखिळी करून घ्यायची.

आजोबा वर्षातून दोनदा यायचे, गणपतीला आणि शिमग्याला किंवा मेमध्ये. बाबा चारेक वर्षांचे असताना आजोबा अंगणात आले, तर बाबांनी आजीच्या पदराआड लपून विचारलं, ‘आये, ह्यो पावनो कोण गो?’ हा किस्सा आमच्या घरात इतक्या वेळा सांगून झालाय की आता त्यावर सगळे हसतात. आजोबा तेव्हा हसले होते की नाही, ते कुणी सांगत नाही.

आजीच्या ट्रंकेत एका डब्यात मनिऑर्डरीची कुपनं आहेत. मनिऑर्डरच्या फॉर्मला खाली एक तुकडा असायचा, त्यावर चार ओळी लिहायला जागा. पोस्टमन पैसे द्यायचा आणि तेवढा तुकडा फाडून घरच्यांना द्यायचा. १८८० साली सुरू झालेली ही जुन्या पद्धतीची मनिऑर्डर पोस्टानं २०१५ मध्ये बंद केली. एसएमएसला जेवढी अक्षरं मावायची, त्याहूनही कमी जागेत आजोबांनी बापपण केलं. ‘मुलास शाळेत घालावे.’ ‘पावसाचे सांभाळणे.’ ‘गणपतीस येतो.’ एका कुपनावर नुसतंच, ‘बोलतो काय?’ बाबांना बोलायला उशीर लागला होता म्हणे. त्या प्रश्नाचं उत्तर पोहोचलं तोवर बाबा वाक्यं बोलत होते.

मी सहज हिशेब मांडला. वर्षाला फार तर एक महिना. बाबा अठरा वर्षांचे होईपर्यंत आजोबांच्या वाट्याला आले अठरा महिने. तान्ह्या बाळाची टाळू पूर्ण भरायला साधारण जेवढा वेळ लागतो, तेवढाच. तेवढ्यात त्यांना अख्खं बालपण, शाळा, मिसरूड सगळं उरकावं लागलं.

मग १८ जानेवारी १९८२ उजाडला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणगाव संपावर गेलं. अडीच लाखांच्या आसपास कामगार. पुढे काय झालं ते मुंबईत राहणाऱ्याला सांगायला नको, आज त्या जागांवर उभे असलेले मॉल आणि टॉवर आपण बघतोच. आजोबा पेटी उचलून गावी परत आले. गंमत म्हणजे ते गेले होते रत्नागिरी जिल्ह्यातून आणि परतले सिंधुदुर्गात. १ मे १९८१ला जिल्हा वेगळा झाला होता ना! घर तेच, पत्ता बदललेला.

तर आजोबा कायमचे घरी आले. आता रोज पोराबरोबर जेवता येणार होतं. पण बाबा तेव्हा वीस वर्षांचे. त्याच वर्षी नोकरी शोधायला ते मुंबईला निघाले. एक बाप घाटाच्या पायथ्याशी पोहोचला आणि त्याचा मुलगा उलट्या दिशेच्या एसटीत बसला. आमच्या घराण्यातली ही सगळ्यात मोठी चुकामूक.

९३६ रविवार

बाबांनी मनाशी एक ठरवलं होतं. आपली पोरं आपल्याजवळ वाढवायची. लग्नानंतर त्यांनी डोंबिवलीत वन रूम किचन घेतलं, आईला आणलं, मी तिथेच जन्मलो. पाचशे किलोमीटरचं अंतर त्यांनी मिटवून टाकलं.

पण सकाळची ६.४०ची लोकल होती. बाबा निघायचे तेव्हा मी झोपलेलो. परतायचे नऊला, तेव्हा मी पुन्हा झोपलेलो किंवा झोपेचं सोंग घेतलेलो. बाबा मला भेटायचे रविवारी. वर्षाचे ५२ धरले तर अठरा वर्षांचे ९३६ रविवार. त्यातले दळण, केस कापणं, नातेवाइकांची लग्नं आणि क्रिकेटची मॅच वजा करा. आजोबांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त, मान्य. तरी माझ्या लग्नात हॉलच्या कोपऱ्यात उभं राहून बाबा एका काकांना सांगत होते, ‘कधी एवढा झाला, कळलंच नाही.’

आता मी. फ्रीलान्स पत्रकार. बायको बँकेत, तिला ठरलेल्या वेळेत निघावंच लागतं. मी घरी. डायनिंग टेबलच्या एका टोकाला लॅपटॉप, दुसऱ्या टोकाला नाचणीची खीर. लेकीचं शी-शू, लस, ताप, झोप, सगळ्यात मी होतो आणि आहे. तुमच्यातल्या अनेकांना हे चैनीचं वाटेल आणि ते खरंच आहे. २०१७च्या सुधारणेनंतर आईला २६ आठवड्यांची भरपगारी रजा कायद्यानं मिळते. बापाचं काय? केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला १५ दिवस. खासगी कंपनीवर तर तसं कायद्याचं बंधनच नाही, एचआर देईल ती कृपा. पंधरा दिवस! आजोबांना गणपतीला मिळायचे तेवढेच. गिरणी गेली, काचेची ऑफिसं आली, बापाची सुट्टी आहे तिथेच.

तर आमच्या घरात अंतर कसं कमी होत गेलं बघा. आजोबा पाचशे किलोमीटरवर. बाबा एका लोकलच्या अंतरावर. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. आणि वाक्य मात्र तिन्ही पिढ्यांचं एकच, ‘कधी मोठी झाली, कळलंच नाही.’ म्हणजे दोष एकट्या अंतराचा नसावा.

‘र’ आला!

त्याचा पुरावा मला गावी पोहोचल्याच्या पहिल्या दहा मिनिटांत मिळाला. बाबा-आई आता गावीच असतात. लेकीनं अंगणात पाय ठेवला आणि आजीला सांगितलं, ‘आम्ही रेल्वेतून आलो.’ आई हातातलं सूप खाली ठेवून म्हणाली, ‘अगो बाय! र बोलूक लागला चेडू!’

गणपतीत आली होती तेव्हा ती ‘लेल्वे’ म्हणायची. ‘लेल्वे’, ‘लस्ता’, ‘लविवाल’. आम्ही सगळे मुद्दाम तिला ‘रविवार’ म्हणायला लावायचो आणि हसायचो. मधल्या कुठल्या तरी दिवशी तिच्या जिभेला ‘र’ सापडला आणि ‘लविवाल’ गेला. कधी? मंगळवारी? आंघोळ घालताना? मी चोवीस तास घरात होतो, मला सांगता येणार नाही. आठ महिन्यांनी भेटलेल्या आजीला एका वाक्यात कळलं.

यावर मी पुष्कळ विचार केला. आपल्याकडे मुलाच्या वाढीचे सोहळे किती आहेत बघा. पाचवी, बारसं, उष्टावण, जावळ, कान टोचणं, बोरन्हाण. पहिला घास, पहिलं जावळ, पहिली संक्रांत. सगळं पहिल्याचं. आता मोबाइलमुळे पहिलं पाऊल आणि पहिला दात यांचेही व्हिडिओ असतात. शेवटच्याचा मात्र एकही सोहळा नाही. शेवटचा ‘लविवाल’ कुणी रेकॉर्ड करत नाही, कारण तो शेवटचा आहे हे त्या दिवशी कुणालाच माहीत नसतं. पहिली गोष्ट वाजतगाजत येते. शेवटची गुपचूप निघून जाते, ‘कधी जातलंस’ विचारायचीसुद्धा संधी न देता.

शिवाय आणखी एक भानगड आहे. स्मरणशक्तीचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ सांगतात की मोठेपणी आपल्याला आठवणारी सगळ्यात जुनी गोष्ट साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयातली असते. त्याआधीचं बहुतेक सगळं पुसलं जातं. म्हणजे माझ्या लेकीला तिच्या पहिल्या तीन वर्षांतलं जवळपास काहीच आठवणार नाही. नाचणीची खीर नाही, तापातली रात्र नाही, ‘लविवाल’ तर नाहीच. त्या तीन वर्षांचे साक्षीदार फक्त आम्ही. आणि साक्षीदारच जर मान खाली घालून मेल टाइप करत असतील, तर ती वर्षं कुणाकडे राहणार?

घाट बंद, घाट सुरू

गावाकडचे लोक काळ कॅलेंडरवर मोजत नाहीत. ‘मोठा पाऊस झाला त्या साली’, ‘घाट बंद होता तेव्हा’ असं मोजतात. करूळ घाट २०२४च्या जानेवारीत रुंदीकरण आणि काँक्रिटीकरणासाठी बंद झाला, तो पुन्हा सुरू व्हायला २०२५ उजाडलं. तोवर कोल्हापूरची वाहतूक भुईबावडा आणि फोंडा घाटातून. आमच्या तालुक्यानं त्या वर्षात जाम कुरकुर केली. मला ते वर्ष वेगळ्या कारणासाठी पक्कं लक्षात आहे. घाट बंद झाला तेव्हा लेक भिंत धरून उभी राहत होती. सुरू झाला तेव्हा ती कमरेवर हात ठेवून ‘मी नाही येणार’ म्हणत होती. एका घाटाचं काम व्हायला लागतो तेवढ्यात माणूस तयार होतो, बॉस!

नव्या रस्त्यानं आम्ही वर गगनबावड्याला गेलो. घाटात एक गोष्ट तुम्हीही अनुभवली असेल. वळण घेताना लक्ष सगळं पुढच्या वळणावर असतं. मागचं वळण कसं होतं, ते वर पोहोचून खाली बघितल्यावरच दिसतं. वरून गगनगडाच्या बाजूनं खाली पाहिलं की आमचा अख्खा तालुका हिरव्या ताटात वाढून ठेवल्यासारखा दिसतो. लेकीला आमचं घर शोधायचं होतं. बाबांनी तिला खांद्यावर घेतलं आणि बोट दाखवत राहिले. बाबांना खांद्यावर मी कधी बसलेला आठवत नाही. बसलो असेन कुठल्या तरी रविवारी.

दुसऱ्या दिवशी नाधवड्याला. महादेवाच्या देवळापाशी इथले प्रसिद्ध उमाळे आहेत. जमिनीच्या पोटातून पाणी बुडबुडे काढत वर येत राहतं, आवाज न करता. ‘उमाळा’ हा शब्द आपण नेहमी मनाच्या बाबतीत वापरतो. इथे तो डोळ्यांनी बघायला मिळतो. लेकीनं विचारलं, ‘पाणी कोण सोडतं?’ बाबा म्हणाले, ‘कोणी नाय. ता आपणच येता.’ ती अर्धा तास तिथून हलली नाही. मीही हलवली नाही. फोन गाडीत ठेवला होता.

याच पाण्याच्या जिवावर पुढे नापण्याचा धबधबा बारा महिने वाहतो. कोकणातले बहुतेक धबधबे दिवाळीपर्यंत आटतात, नापणे मेमध्येही चालू. २०२५ मध्ये तिथे काचेचा पूल झाला, त्यामुळे आता रील करणाऱ्यांची गर्दी असते. पुलावर पायाखाली पाणी दिसतं म्हटल्यावर लेक घाबरली आणि माझ्या कडेवर चढली. चढताना लक्षात आलं, तिचे पाय आता माझ्या गुडघ्यापर्यंत येतात. हे वजन फार दिवस कडेवर राहणार नाही. एरवी ‘चाल गं, मोठी झालीस ना’ म्हणणारा मी, पूल संपल्यावरही तिला खाली ठेवलं नाही.

सोमवार

रविवारी रात्री पडवीत बाबांना ऑफर सांगितली. बाबा जा म्हणाले नाहीत, राहा म्हणाले नाहीत. बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, ‘तुझ्या आज्याक कोणी इचारूक नाय. तुका इचारतत.’

बस, एवढंच. पण मला माझं उत्तर त्यात सापडलं. आजोबांना पर्याय नव्हता. पडीक वरकस जमीन, घरात खाणारी सात तोंडं, गिरणीचा पगार. बाबांना थोडा पर्याय होता, त्यांनी तो वापरला आणि ६.४०ची लोकल पत्करली. मला त्यांच्यापेक्षा जास्त आहे. तीन पिढ्यांनी घाम गाळून मिळवलेली इस्टेट म्हणजे मला मिळालेली ‘नाही’ म्हणायची सोय. ज्यांना जावंच लागतं, कर्जासाठी, आई-बाबांच्या औषधांसाठी, त्यांना मी कोणत्या तोंडानं शहाणपण शिकवणार? आजोबा गेले नसते तर बाबा शिकले नसते आणि मी हा लेख लिहीत नसतो.

पण जाणाऱ्यांकडून घेण्यासारखी एक गोष्ट आहे आणि ती राहणाऱ्यांनीच घ्यायला हवी. चाकरमानी बाप घरी आला की पोराकडे नीट बघायचा. आजी सांगते, आजोबा आल्या आल्या बाबांना दारात उभं करायचे. उंची बघायचे, नखं बघायचे, दात मोजायचे, पाढे म्हणून घ्यायचे. हातात दिवसच मोजके. आपण रोज घरी असतो, म्हणून बघायचं राहून जातं. मग अधूनमधून आपणच चाकरमानी व्हायला काय हरकत आहे? ऑफिसमधून दार उघडून आत शिरताना, किंवा माझ्यासारखं टेबलाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाताना, समजायचं की आत्ताच गाडीतून उतरलोय आणि ही पोरगी आठ महिन्यांनी दिसतेय. कुठला शब्द नवा आला? कुठला गेला? काळ त्यानं थांबत नाही. पण निदान जाताना दिसतो.

सोमवारी सकाळी नेटवर्कसाठी बांधावर चढलो आणि मेल पाठवला. ‘आत्ता शक्य नाही. दोन वर्षांनी जागा असेल तर जरूर कळवा.’ दोन वर्षांनी लेक पाच वर्षांची असेल, शाळेच्या बसमध्ये मैत्रिणीशेजारी जागा पकडून बसेल आणि मला खिडकीतून नुसता हात करेल. मेल गेल्याची खूण आली तेव्हा ती खालून ओरडत होती, ‘बाबा, लवकर ये, रातांब्याचा रस सांडला!’ तिन्ही ठिकाणी ‘र’ अगदी स्वच्छ.

जायचंय?

कसं जाल : कोकण रेल्वेवर ‘वैभववाडी रोड’ स्टेशन. दादरहून मध्यरात्रीच्या सुमारास सुटणारी तुतारी एक्स्प्रेस इथे सकाळी पोहोचते. ही आधीची राज्यराणी. २०१७ मध्ये केशवसुतांच्या कवितेवरून तिचं नाव बदललं. रस्त्यानं यायचं तर मुंबई-गोवा हायवेवर तळेरे फाट्याला वळा, किंवा कोल्हापूर-गगनबावडा करत करूळ घाट उतरा. गणपती आणि मेचं रिझर्व्हेशन शेवटच्या आठवड्यावर टाकलंत तर उभ्यानं यावं लागेल.

काय बघाल : नाधवड्याचे उमाळे, नापणे धबधबा, करूळ आणि भुईबावडा हे दोन्ही घाट, वर गगनगड. पावसाळ्यात घाटात धुकं आणि दरडी दोन्ही असतात, निघण्याआधी रस्ता सुरू आहे का ते विचारून घ्या.

काय खाल : मेमध्ये फणस, करवंदं, रातांबे आणि आंबे. हॉटेलची फार अपेक्षा नको, ओळखीच्या घरी जेवण सांगा.

काय न्याल : पोरं असतील तर पोरं. आणि फोन ठेवायला गाडीत एक कप्पा.